घाडी मास्तरांचा फ्लेक्स

घाडी मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मातीत पालथे पडलेले होते.

बदलीची ऑर्डर पर्समध्ये घालून मी चिंचगाळीच्या मराठी शाळेत हजर व्हायला निघाले होते. बेळगावहून खानापूर, तिथून जांबोटीच्या वाटेची लाल बस, फाट्यावर उतरून काजूच्या बागेतली पायवाट. पायवाटेच्या वळणावर एका फणसाखाली पांढरा फुलशर्ट घातलेले एक गृहस्थ पोटावर आडवे. पाय फाकलेले, एक चप्पल निघालेली. मला वाटलं, कारभार आटोपला. पर्स टाकून मी धावले आणि ओरडले, "अहो, काय झालं तुम्हाला?"

पालथ्या देहातून आवाज आला, "बाई, सरका जरा. सावली पडालीय."

पलीकडे दोन मुली शेळीच्या एका करडाच्या गळ्यात पितळी घंटा बांधायच्या खटपटीत होत्या. एकीनं करडाचे कान धरलेले, दुसरीनं दातात दोरी. आम्ही दोघं तिथं आहोत याचा त्यांना पत्ताच नव्हता. खटक असा आवाज झाला. मग ते गृहस्थ उठले, त्यांनी शर्ट झटकला, त्यावर मातीचा नकाशा होता तसाच राहिला, आणि तशाच अवतारात ते मोठ्या रुबाबात म्हणाले, "मी घाडी. हितला हेडमास्तर. तुम्ही नव्या बाई न्हवं? ती घंटा बघिटली? शाळंचीच हाय. पण मघाशी बोललो असतो तर फोटो गेला असता."

त्या शाळेत मी सहा वर्षं काढली. हेडमास्तर ते, खेळाचे मास्तर ते, आणि शिक्षक म्हणून आम्ही दोघंच. त्यांचा आवाज एवढा मोठा की पाढे आमच्या वर्गात म्हटले तर फाट्यावरच्या लोकांना पाठ व्हायचे. राग नाकाच्या शेंड्यावर. स्वतःबद्दल मत उत्तम. नम्रता हा गुण त्यांनी मुलांना शिकवायला ठेवला होता, स्वतः वापरला नाही. पण हा एवढा दणदणीत माणूस कॅमेरा हातात आला की असा गप्प व्हायचा की शेजारच्या झाडावरचं पाखरूसुद्धा उडायचं नाही.

कॅमेरा त्यांनी बेळगावच्या खडे बाजारात कुणाकडून तरी जुना घेतला होता. त्याचा पट्टा तुटला तेव्हा त्यांनी वासराचं नवं कोरं दावं त्याला बांधलं. त्या कॅमेऱ्याला ते 'डबा' म्हणत. डबा दिवसभर गळ्यात. प्रार्थनेला डबा, गणिताला डबा, मुलांना बिशीऊट म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण वाढताना डबा आमटीत बुडता बुडता वाचायचा. मी एकदा म्हटलं, "मास्तर, फोटो काढत नसताना तरी काढून ठेवा."

"बाई, हितंच चुकतंय तुमचं. पोरं डब्याला कंटाळली पायजेत. आधी आठ-पंधरा दिस नुसता लटकवायचा, बटण दाबायचं न्हाई. तुम्हाला जशी कंटाळल्यात, तशी ह्येला कंटाळली, की मग काढायचा."

न विचारता शिकवायची त्यांना खोड होती. माझा मोबाइल बघून तर त्यांना चेवच यायचा. मी कौतुकानं मुलांचा एखादा फोटो काढावा आणि त्यांनी मागून डोकावून म्हणावं, "परशाच्या डोक्यातनं लायटीचा खांब उगवलाय." बघते तर खरंच उगवलेला. मी मुलांना ओळीनं उभं करून 'हसा' म्हटलं की ते कपाळाला हात लावत. "हस म्हटल्यावर दात दिसत्यात ओ बाई, हसू न्हाई दिसत. त्यांना कायतरी काम लावा. ती कामात गुतली की मग बघा." आणि उभ्यानं काढलेला फोटो तर त्यांना पापच वाटायचा. "उभं ऱ्हाऊन काढलं की पोर म्हंजे नुसतं टाळकं. खाली उतरा. त्याला जग जिथनं दिसतंय तिथनं बघा." मी एकदा साडी सावरत उकिडवी बसले, तर म्हणाले, "एवढ्यानं काय हुतंय? झोपा." साडीत. शाळेच्या आवारात. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, तेव्हा ते प्रार्थनेची घंटा द्यायला निघून गेले.

त्यांचं आणखी एक शास्त्र होतं, पळणाऱ्या पोराच्या पुढं जागा सोडायची. "पोरगं उजवीकडं पळालंय तर उजवी बाजू मोकळी ठेवायची. न्हाईतर ते फोटोच्या चौकटीवर आपटंल की." दुपारच्या उन्हात ते डबा उघडायचेच नाहीत. सकाळी प्रार्थनेआधी किंवा उन्हं कलल्यावर, आणि तेही सूर्य पोराच्या पाठीमागं ठेवून. "तोंडावर ऊन घेतलेलं पोर चिंच खाल्ल्यागत दिसतंय. पाठीमागनं ऊन आलं की केसाला कड लागत्या." आणि तोंड कॅमेऱ्याकडं नको म्हणजे नकोच. पोरानं त्यांच्याकडं पाहिलं की ते बोट खाली घेत. "माझ्याकडं काय हाय बघायला? ते ज्याच्याकडं बघतंय ते मला पायजे."

त्यांच्या बायकोचं, घाडीवहिनींचं, या सगळ्याबद्दल एकच मत होतं आणि ते धुण्याच्या दगडावर रोज ऐकू यायचं. पांढरे शर्ट आणि तांबडी माती. वर लग्नाला इतकी वर्षं होऊन नवऱ्यानं त्यांचा काढलेला फोटो एकच, आणि त्यात खोबरं किसणारे दोन हात. "मी मेल्यावर भिंतीवर ह्योच लावतील," वहिनी मला चहा देता देता म्हणाल्या, "आणि हार घालतील मनगटाला."

गावातल्या आयांचं आणि मास्तरांचं तर कायमचं वैर. प्रत्येक आईकडे आता मोबाइल, आणि प्रत्येक पोराला मोबाइल समोर आला की उभं कसं राहायचं ते पाठ. मान तिरकी, एक हात कमरेवर. परशाची आई, लक्ष्मी, एकदा परशाला नवा शर्ट, पावडर आणि गॉगल घालून घेऊन आली. "मास्तर, ह्येचा एक झकास फोटो काढा की." मास्तर म्हणाले, "काढतो. परशा, ती कोंबडी लई त्रास द्यालीय, जरा धर बघू." परशा धावला. पुढच्या मिनिटभरात गॉगल एका कानाला, शर्ट बाहेर, नाकातून शेंबडाची रेघ, आणि दोन्ही हात कोंबडीच्या शेपटीपासून चार बोटं लांब. फोटो असा झाला की बघणाऱ्याला कोंबडी सुटल्याचं वाईट वाटावं.

लक्ष्मी बघून लाल झाली. "मास्तर, नाक तरी पुसायचं की ओ!"

"पुसलं असतं, पण मग कोंबडी गेली असती."

तिनं तो फोटो खानापूरच्या एका दुकानात नेला, कॉम्प्युटरवर परशाचं नाक साफ करून घेतलं, गॉगल सरळ करून घेतला, कोंबडी काढून टाकून मागं ताजमहाल टाकून घेतला आणि मोठी फ्रेम करून सोप्यात लावली. मास्तर ती फ्रेम बघायला मुद्दाम गेले. बराच वेळ बघून म्हणाले, "सर्दी बरी झाली. पोरगं गेलं." लक्ष्मीनं त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

मोठ्या माणसांचे फोटो काढायची वेळ आली तर मास्तर एक डाव करायचे. ओळीनं उभं करायचं, एक फोटो काढल्यासारखं करायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "झालं!" झालं म्हटल्याबरोबर माणूस सैल सुटतो. पोट बाहेर येतं, चेहरा घरच्यासारखा होतो. खरं बटण तेव्हा दाबायचं. एकदा तालुक्याहून एक साहेब तपासणीला आले. हार झाले, नारळ झाले, गटाचा फोटो झाला, 'झालं' झालं. साहेबांनी हुश्श करून बुटातून पाय बाहेर काढला आणि तळवा खाजवायला वाकले. त्यांच्या मोज्याला एवढं मोठं भोक. आजूबाजूला आमची सगळी पोरं त्या भोकाकडं टक लावून बघतायत. मास्तरांनी तोच फोटो अहवालाला जोडला. मी हातापाया पडले तेव्हा कुठं दुसरा लावला. "पण बाई, साहेब माणूस म्हणून दिसतोय की ओ त्यात," हे त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत होतं.

असं सगळं मजेत चाललं होतं आणि एका जानेवारीत वरून कागद आला. पुढच्या वर्षी पहिलीला पुरेशी मुलं आली नाहीत तर शाळा बंद करून पलीकडच्या गावच्या शाळेत मिसळायची. पलीकडचं गाव म्हणजे ओढा आणि जंगलाची वाट. पहिलीतलं पोर तिथं चालत जाणार नाही, हे कागद पाठवणाऱ्यांनाही माहीत असावं. आणि पोरं कमी होत होती ती काही उगाच नव्हे. हमरस्त्यावर इंग्रजी शाळा झाली होती. तिची पिवळी व्हॅन रोज सकाळी आमच्या फाट्यावर येऊन हॉर्न द्यायची आणि टाय लावलेली पोरं एकेक करून आत जायची. तिचा फ्लेक्सही फाट्यावर होता. त्यात गोरी-गोमटी, कुठल्या देशातली कोण जाणे, मुलं हात बांधून कॉम्प्युटरकडं बघत होती.

मास्तर स्वतः आमच्याच शाळेत शिकले होते. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली. त्या दिवशी त्यांनी पाढे म्हटलेच नाहीत. संध्याकाळी दाराला कुलूप घालताना म्हणाले, "बाई, रोज लावतो ह्ये कुलूप. पण सकाळी काढायचं न्हाई असं कुलूप माझ्या हातनं लागायला नको." एवढं बोलून ते झरझर पुढं गेले. मला त्या माणसाची फार माया आली.

दुसऱ्या दिवशी मात्र स्वारी पुन्हा मूळ आवाजात. "फ्लेक्स! आपण बी फ्लेक्स लावायचा."

शाळा कमिटीचे अध्यक्ष मारुतीअण्णा खूश झाले. त्यांच्या डोक्यात फ्लेक्स तयारच होता. पोरांना कुठून तरी टाय आणायचे, हात बांधून उभं करायचं आणि चारी बाजूंनी कमिटीचे गोल फोटो, पैकी अण्णांचा जरा मोठा. मास्तरांनी डब्याच्या पडद्यावर एक फोटो दाखवला.

सुगी संपल्यावरचा होता. भाताच्या पिंजराची, म्हणजे पेंढ्याची, उंच गंजी, मागून कललेलं ऊन, उडालेला पिंजराचा भुसा सोन्यासारखा हवेत, आणि त्या सगळ्याच्या मधोमध गंजीवरून उडी मारलेलं एक पोर. चड्डीवर, उघडं, हात पसरलेले, मान मागं टाकलेली, तोंड आभाळाकडं. ऊन मागं असल्यामुळं चेहरा काळोखात, फक्त उघडलेल्या तोंडाची कड दिसत होती. खाली चार-पाच पोरं वर बघत आ वासून. फोटो बघताना आपणच खाली येतोय असं वाटावं, इतका खरा.

"ही माझी गंजी," मारुतीअण्णा म्हणाले.

"व्हय."

"म्हंजे माझी गंजी तुमच्या पोरांनी इस्कटली आणि तुम्ही फोटू काढत बसलाता?"

"अण्णा, थांबवलं असतं तर ह्यो फोटू मिळाला असता का?"

शेवटी खेळाच्या तासाला अण्णांची गंजी पुन्हा रचून द्यायची या बोलीवर फोटो मंजूर झाला. कमिटीच्या गोल फोटोंना मात्र मास्तरांनी साफ नकार दिला. "हवेतल्या पोराभोवती एवढी मुंडकी लावल्यावर ते उतरायचं कुठं?" वर फक्त 'या, खेळा, शिका' आणि खाली शाळेचं नाव. उडी मारणारा कोण, हे विचारायची गरजच नव्हती. ती चण, ती चड्डी. आमचा परशा. मास्तर अभिमानानं म्हणायचे, "माझं पोर मला पाठमोरं बी वळखू येतंय."

फ्लेक्स फाट्यावरच्या वडाला लागला, इंग्रजी शाळेच्या बरोबर समोर, आणि चमत्कारच झाला. बसची वाट बघणारे लोक त्याच्याकडं बघून आपोआप हसायला लागले. म्हातारी माणसं आपण कुणाच्या गंजीवरून उड्या मारल्या ते सांगू लागली. लक्ष्मीनं मास्तरांशी अबोला सोडला, कारण या फोटोत परशाचं नाक दिसत नव्हतं. परशाला लोक थांबवून थांबवून शेंगदाण्याचे लाडू द्यायला लागले. परशा लाजत लाजत घ्यायचा आणि काही बोलायचा नाही. एरवी त्याचं तोंड मिटत नसे. हे माझ्याही लक्षात यायला हवं होतं. दोन-तीन घरांतून तर विचारणाही झाली, "मास्तर, पहिलीला नाव कवा घालायचं?"

पिवळ्या व्हॅनचा ड्रायव्हर बाळू हा आमच्याच गावचा. त्याचा मुलगा समर्थ त्याच इंग्रजी शाळेत तिसरीला होता. रोज दुपारी व्हॅन वडाखाली लावून बाळू फ्लेक्ससमोर तंबाखू मळायचा. एक दिवस मास्तरांना म्हणाला, "आमच्या मालकाला दुखंल, पण फोटू लई भारी. पोरगं बघा कसं खुललंय!" मास्तर त्या दिवशी दोन चपात्या जास्त जेवले, असं वहिनी म्हणाल्या.

मग परीक्षांच्या सुमाराला बाळूची म्हातारी आई गुडघ्याच्या औषधाला खानापूरला निघाली म्हणून फाट्यावर आली. बाळूनं नुकतीच व्हॅन आणून लावली होती, समर्थ आणि परशा दोघंही तिथंच होते, मी आणि मास्तरही बेळगावच्या बसला उभे. म्हातारीनं वडाकडं बघितलं, डोळ्यांवर हात धरला, जवळ गेली आणि म्हणाली, "अगं बया! ह्यो तर आमचा समर्थ्या!"

लोक हसले. लक्ष्मी तिथंच भाजी निवडून घेत होती, ती उसळली. "आज्जी, चष्मा लावा. परशा हाय त्यो माझा."

"तुझा कशाचा? कमरंचा करदोटा बघ. त्यात ताईत बांधलाय न्हवं? त्यो मी बांधलाय, माझ्या हातानं, त्याला गोवर आलता तवा!"

आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. उडणाऱ्या पोराच्या कमरेला, मागच्या उन्हात, करदोट्याला लटकलेला एक ताईत स्वच्छ दिसत होता. एवढे दिवस तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. लक्ष्मीनं परशाचा शर्ट वर केला. नुसता काळा दोरा. बाळूनं समर्थच्या पँटमधून शर्ट ओढून काढला. ताईत. समर्थनं आज्जीच्या लुगड्यात तोंड खुपसलं ते खुपसलंच.

हळूहळू सगळं बाहेर आलं, तेही परशाच्या तोंडून. इंग्रजी शाळेच्या मागच्या भिंतीवरून उडी मारली की काजूची बाग आणि बाग ओलांडली की अण्णांचं शेत. समर्थ मधल्या सुट्टीनंतर यायचा, टाय, शर्ट आणि पँट काजूच्या फांदीला अडकवायचा, परशाची चड्डी घालायचा, आमच्या पोरांबरोबर खेळायचा आणि व्हॅन सुटायच्या आत परत. "मग तू एवढे दिस बोललास का न्हाईस रं?" लक्ष्मीनं विचारलं. परशा म्हणाला, "लाडू देत हुते की."

फाटा हसून लोळायचा बाकी राहिला. बाळू मात्र हसत नव्हता. त्यानं समर्थवर हात उगारला. मास्तरांनी तो वरच्या वर धरला. "मारायचं असलं तर मला मार. फोटू मी लावलाय."

बाळूनं हात सोडवून घेतला आणि शांतपणे विचारलं, "मास्तर, तुम्हाला तुमची पोरं वळखू येत न्हाईत व्हय?"

मास्तरांनी वर फ्लेक्सकडं पाहिलं. मग चपला काढून वडावर चढले आणि स्वतःच्या हातानं सुतळ्या सोडल्या. खाली उतरल्यावर म्हणाले, "चुकलो." बाळूची आई तेवढ्यात म्हणाली, "टाकू नगा तो. शेणीवर झाकायला द्या मला." आणि फ्लेक्सची गुंडाळी घेऊन, औषध राहू दे म्हणत ती घरी गेली.

त्यानंतर मे महिनाभर आम्ही घरोघर फिरलो, पहिलीची पोरं मागत. दर उन्हाळ्यात फिरतोच, पण असं फिरणं कधी झालं नव्हतं. प्रत्येक उंबऱ्यावर तोच विनोद तयार. "मास्तर, आमच्या पोराला वळखशीला न्हवं?" मास्तर हसायचे आणि पाणी प्यायचे. वाटेत मला म्हणाले, "बोलत्यात ते बरोबर हाय. पोराच्या केसाला लागलेली उन्हाची कड बघिटली मी. पोर कोण ते न्हाई बघिटलं." मी म्हटलं, "मास्तर, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? सगळ्यांनाच परशा वाटला." ते म्हणाले, "सगळं हेडमास्तर न्हाईत ओ बाई."

मी नको नको म्हणत असताना ते बाळूच्या घरीही गेले. त्याची धाकटी, आराध्या, यंदा पहिलीला जायची होती. मागच्या अंगणात शेणींच्या, म्हणजे गोवऱ्यांच्या, ढिगावर आमचा फ्लेक्स पसरलेला आणि फोटोतलं पोर ढिगाच्या टोकावरून उडी मारत होतं. समर्थ कुठं दिसला नाही, आमची चाहूल लागताच तो माळ्यावर चढून बसला होता. आज्जीनं ताक दिलं. बाळू खाली मान घालून टायर तपासत राहिला. आम्ही ताक पिऊन परतलो.

शाळा उघडायचा दिवस आला तेव्हा पहिलीला एक पोर कमी होतं. दाराला आंब्याचं तोरण होतं, मुलांसाठी शिरा शिजत होता, आणि मोजायला येणारे साहेब वाटेत असल्याचा फोन आला होता. मास्तर सकाळपासून आवाराच्या तोंडाशी उभे. नवा पांढरा शर्ट, एकही डाग नाही, ते बघून मलाच कसंतरी होत होतं. "आत या, ऊन लागतंय," मी म्हटलं. "आलो आलो," म्हणाले आणि तिथंच उभे राहिले.

तेवढ्यात हॉर्न ऐकू आला. हमरस्ता सोडून, बैलगाडीच्या कच्च्या वाटेवरून धूळ उडवत, इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन थेट आमच्या शाळेच्या दारात येऊन थांबली. आतली टायवाली पोरं चकित होऊन बाहेर बघत होती. बाळू उतरला, त्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि मागचं दार उघडून आराध्याला खाली घेतलं. दोन वेण्या, नवं दप्तर, आणि खालचा ओठ आताच बाहेर आलेला.

"हिला घ्या," बाळू म्हणाला. "कोण बघायच्या आत लवकर घ्या. मालकाला कळलं तर माझं काय खरं न्हाई."

मास्तर म्हणाले, "आणि समर्थ?"

"त्याला काढलं तर मालक मला काढंल." बाळू चाकाकडं बघत बोलत होता. "तीन वरसं मीच न्हेतो आणतो त्याला. परवा शेणी काढताना म्हातारी फोटूकडं बघून म्हणाली, बाळ्या, ह्ये पोर घरात असं हसलेलं तू कवा बघिटलंयस काय? आठवून बघिटलं मी. न्हाई बघिटलं. निदान हिला तरी."

तो झटकन व्हॅनमध्ये बसला. आराध्यानं भोकाड पसरलं आणि मास्तरांचं बोट घट्ट धरून, नाक त्यांच्या नव्या शर्टाला पुसलं. पोरांची संख्या पुरी झाली होती. शाळा राहिली होती. मला आनंदानं रडूच यायचं बाकी होतं आणि मी मास्तरांकडं वळले. त्यांचं लक्ष माझ्याकडं नव्हतं, आराध्याकडंही नव्हतं.

व्हॅन वळत होती. मागच्या काचेला एक मुलगा दोन्ही तळवे लावून उभा होता. टाय, भांग, वरपर्यंत लावलेली बटणं. आमच्या आवारात परशा आणि बाकीची पोरं शिऱ्यासाठी दंगा करत होती, त्यांच्याकडं तो बघत होता. नाक काचेला चपटं झालेलं. व्हॅन काजूच्या बागेआड जाईपर्यंत तो तसाच होता आणि मास्तर इकडं तसेच.

मी म्हटलं, "मास्तर, साहेब येतील. चला आत."

"व्हय," ते म्हणाले. आराध्याला त्यांनी कडेवर घेतलं, दोन पावलं चालले आणि थांबले.

"एवढा मोठा फोटो लावला त्याचा मी, बाई. तोंड आज बघिटलं."